बंबाची तोटी



या सदरात आम्ही आजवर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, लग्नपत्रिकांची पाकिटे आणि नारळाच्या करवंट्यांचे डाव असे बरेच काही सांगितले. आजचा विषय जरा लोखंडी-पितळी आहे. पण घाबरू नका. घरात एक पाना, एक पक्कड आणि थोडा धीर असला म्हणजे भागते.

त्याचे असे झाले. आमची धाकटी नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. एका संध्याकाळी तिने मोबाइलवर एका दिव्याचे चित्र दाखवले. पाण्याच्या पाइपाचा खांब, त्याला पितळी नळ, घड्याळातली दोन-चार दात्यांची चाके चिकटवलेली आणि वर पिवळ्या उजेडाचा दिवा. किंमत ३,९९९ रुपये! आम्ही म्हटले, "अगं, हे तर भंगार." ती म्हणाली, "भंगार नाही, याला स्टीमपंक म्हणतात."

स्टीम म्हणजे वाफ, हे आम्हाला ठाऊक होते. पुढचे पोरीने सांगितले आणि आम्हीही थोडे वाचून काढले. के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकन लेखकाने १९८७ साली हा शब्द काढला. आपण आणि आपले मित्र जसल्या कादंबऱ्या लिहितो, त्यांना काय म्हणावे, असा त्याच्यापुढे प्रश्न होता. त्या कादंबऱ्यांतले जग वाफेच्या इंजिनावर चालते. वीज आणि संगणक मागे पडून वाफ, पितळ, चाके आणि झडपा यांचीच प्रगती होत गेली असती तर काय झाले असते, अशी ती कल्पना. त्याच्याही शंभर वर्षे आधी फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नने पाणबुडीच्या आणि चंद्रावरच्या स्वारीच्या गोष्टी लिहिल्या. भा. रा. भागवतांनी त्या मराठी मुलांपर्यंत आणल्या. व्हर्नच्या पाणबुडीचा कप्तान नेमो हा मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र, असे पुढच्या एका पुस्तकात निघते. कादंबऱ्यांवरून मग लोकांनी तसे कपडे, तसे दागिने आणि तसे दिवे करायला सुरुवात केली. तेच हे स्टीमपंक.

कल्पना झकास आहे. आम्हाला आवडली. पण एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. गोष्टीतला कप्तान राजपुत्र असतो. भट्टीत कोळसा टाकणारा कोण असतो?

आपल्याकडे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. दहा वर्षांनी, १८६३ च्या एप्रिलमध्ये, बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. तो घाट फोडायला हजारोंनी मजूर राबले, पटकीने कितीतरी तिथेच गेले. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. पुढे मुंबईच्या गिरण्या वाफेवरच धडधडल्या. त्या गिरण्यांत आपली माणसे होती, पण कोणत्या खात्यात? कापड खात्यात मजुरी जास्त. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला सगळ्यांची तोंडे लागणार, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याचे दार बंद. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क ही मागणी मांडायला लावली. आज बंद गिरण्यांतले तेच लाकडी धोटे शोभेच्या दुकानात मेणबत्ती लावायला विकले जातात. कुणी घरी आणला, तर त्याची ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. वस्तू नुसती दिसायला जुनी असून भागत नाही, ती कुणाच्या हातातून आली हेही कळले पाहिजे.

असो. आता आमच्या घरची हकीकत.

आमची आई १९७४ पासून २००४ पर्यंत, पुरी ३० वर्षे, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात धुणीभांडी करत होती. पहाटे दांडेकर पुलाकडून चालत निघायचे आणि सहाच्या आत वाड्यात हजर व्हायचे. त्या वाड्याच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. आजच्या मुलांनी बंब पाहिलेला नसतो, म्हणून सांगतो. तांब्याचे उभे पिंप, त्याच्या मधून वरपर्यंत गेलेली एक नळी. नळीच्या तळाशी जाळी. जाळीवर कोळसे आणि ढलप्या पेटवायच्या. धूर नळीतून वर जातो, नळीभोवतीचे पाणी तापते आणि पितळी तोटीतून कढत पाणी घ्यायचे. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर याच जातीचा. तिथे पाण्यातून अशा पुष्कळ नळ्या गेलेल्या असतात आणि वाफ कोंडून तिचा जोर वापरतात. बंब उघडा असतो, त्यात वाफ कोंडत नाही, एवढाच फरक. म्हणजे पाहा, ज्या स्टीमपंकसाठी लोक चार हजार मोजतात, ते पुण्याच्या न्हाणीघरात रोज सकाळी धुराने डोळे चोळत होते!

परवा वाडा पाडायला निघाला. सदाशिव पेठेत आता असे वाडे थोडेच उरले आहेत. एकेक पडतो आणि तिथे इमारत उभी राहते. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि जुने नळ टेम्पोत भरून भंगारात जातात. वाड्याच्या सूनबाईंनी आईला फोन केला. "मावशी, सामान काढतोय. तुम्हाला काही हवं असेल तर या." आई म्हणाली, "बंब द्या."

खरे सांगतो, आम्हाला राग आला. त्या घरची आठवण आम्हाला वेगळी होती. लहानपणी शाळेला सुटी असली की आम्ही आईबरोबर जात असू. न्हाणीघराच्या खिडकीत आईचा कान तुटलेला कप पालथा घातलेला असे. तिच्या चहाचा तो वेगळा कप. बंब तिने बाहेरून घासायचा, चिंच आणि राख लावून, तोटीसकट, आरशासारखा. पण तो रिकामा आणि गार असताना. एकदा पाणी भरले की तोटीला हात लावायचा नाही. पौष महिन्यातल्या थंडीतही भांडी हौदाच्या गार पाण्याने. हाताला भेगा पडत, आई त्यात रात्री मेण भरत असे.

"त्या घरचं भंगार कशाला आणायचं?" आम्ही विचारले.

आई म्हणाली, "त्या घरचं नाही. तीस वर्षं मी घासलाय त्याला. तांबं त्यांचं असंल, चकाकी माझी हाय." मग थोडे थांबून म्हणाली, "आन् सूनबाईला काय बोलू नका. ती आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनंच तो कप उचलून टाकला."

बंब रिक्षातून घरी आला. आधी आम्ही तो कसबा पेठेत तांबट आळीला नेऊन दाखवला. आजही तिथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकेक ठोका देत मठारकाम चालते. तिथल्या कारागिराने बंब पालथा करून पाहिला आणि सांगितले, "तळ गेलाय. नवा बसवता येईल, पण खर्च परवडायचा नाही." मग भंगाराचा भाव काढला. सात किलो वजन, सहाशेचा भाव, ४,२०० रुपये. घरात बसून विचार सुरू झाला. धाकटीला दहावीच्या क्लासचा पहिला हप्ता भरायचा होता. तिला मात्र बंब हवा होता, दिवा करायला. आम्हाला वाटले, आई म्हणेल ठेवा, आठवण आहे. पण आई म्हणाली, "पिंप विका आन् पोरीची फी भरा. मला तोटी द्या काढून."

तसेच केले. पिंप विकले, फी भरली. तोटी, वरचे झाकण आणि तळाची जाळी घरी राहिली. त्या तीन वस्तूंचा दिवा केला. तो कसा केला ते आता सविस्तर सांगतो. बंबाची तोटी नसली तर जुन्या पिंपाची किंवा समोवाराची पितळी तोटीही चालेल.

पहिली गोष्ट विजेची. धातूच्या दिव्यात घरातली २३० व्होल्टची वीज स्वतः जोडू नका. वायरचे रबर कुठे घासले गेले, तर अख्खा दिवा जिवंत होतो आणि हात लावणाऱ्याचा जीव जातो. आम्ही मोबाइलच्या चार्जरवर चालणारा पाच व्होल्टचा एलईडी दिवा घेतला. तो दीड-दोनशे रुपयांत मिळतो, तापत नाही आणि लेकराचा हात लागला तरी भय नाही. चार्जर तेवढा चांगला घ्यावा.

दुसरे, बैठक. बंबाची जाळी जड असते, म्हणून ती खाली ठेवली. जाळीच्या मधल्या भोकात अर्ध्या इंची पाइपाचा वीतभर तुकडा दोन चाक्यांनी घट्ट बसवला. पाइप आणि चाक्या बोहरी आळीत मिळतात. दुकानदार हव्या त्या लांबीचा तुकडा कापून आटे पाडून देतो. पाइपाच्या वरच्या तोंडाला टी जोडला. टीच्या आडव्या तोंडाला तोटी लावली आणि उभ्या तोंडातून वायर वर काढून तिथे एलईडी बसवला. त्यावर बंबाचे झाकण पालथे धरून छत्रीसारखे टांगले. आतून तांबे असल्याने उजेड तांबूस पडतो. तो वेगळा रंगवावा लागत नाही.

तिसरी गंमत धाकटीची. ती म्हणाली, "बटण नको. तोटी फिरवली की दिवा लागला पाहिजे." जुन्या रेडिओला आवाजाचे जे बटण असते, ते फिरवताना सुरुवातीला टक् होते आणि रेडिओ चालू होतो, हे आठवत असेल. तसे बटण रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे वीस-तीस रुपयांत मिळते. तोटीच्या मधला दट्ट्या खालून थोडा बाहेर आलेला असतो. त्याच्या टोकाला बटणाचा दांडा जाईल एवढे भोक लेथवाल्याकडून पाडून घेतले, दांडा त्यात एम-सीलने पक्का केला आणि बटणाचे अंग पत्र्याच्या पट्टीने तोटीला जखडले. नाही तर दांड्याबरोबर अख्खे बटणच फिरते. आमचे पहिल्या वेळी तसेच झाले. एलईडीच्या दोन वायरींपैकी एक या बटणातून फिरवून आणली. आता तोटी डावीकडे वळवली की टक् होते आणि दिवा लागतो. पाच व्होल्टवर हे चालते, घरच्या विजेवर हा प्रयोग करू नये. एकूण खर्च ३१० रुपये.

पितळ उजळायचे की तसेच ठेवायचे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. स्टीमपंकवाले काळपटपणा जपतात. उजळायचे असेल तर चिंच किंवा लिंबू-मीठ. त्यातल्या आम्लाने वरचा थर विरघळतो. मग पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि पातळ मेणाचा हात द्या. तांब्या-पितळेवर हिरवा कळंक असेल तर तो विषारी असतो. तो झाडताना नाका-तोंडाला फडके बांधा आणि नंतर हात साबणाने धुवा.

आणखी काही सोप्या गोष्टी. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातली चाके काळ्या कापडावर मांडून चौकट करता येते. मुले हौसेने करतात आणि कोणते चाक कोणाला फिरवते हेही शिकतात. जुन्या नळाच्या मुठी भिंतीवर ओळीने ठोकल्या की दप्तरे आणि टोप्या अडकवायला खुंट्या होतात. एचएमटीच्या घड्याळाची तबकडी लॉकेटात बसवता येते. बंगळूरला हा घड्याळांचा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि आपल्यापैकी कितीतरी घरांत पहिल्या पगाराचे किंवा लग्नातले घड्याळ तेच होते. चालू असेल तर मात्र खोलू नका. ते हातावरच शोभते.

पण काही पथ्ये सांगितल्यावाचून राहवत नाही. गजराच्या घड्याळातली गुंडाळलेली स्प्रिंग जोरात उसळते आणि डोळ्याला इजा करते. किल्ली पूर्ण उतरल्याशिवाय घड्याळ उघडू नका. अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या तबकड्यांना रेडियमचा रंग असे. तो खरवडू नका, तसली तबकडी घेऊच नका. रॉकेलच्या स्टोव्हची पितळी टाकी दिव्यासाठी फार सुरेख दिसते, पण आत रॉकेलची वाफ साठलेली असते. तिला डाग देऊ नका आणि आगीजवळ कापू नका, स्फोट होतो. डाग द्यायच्या कथलात बहुधा शिसे असते. म्हणून ते काम खिडकीजवळ, लहान मुले दूर असताना करा. डाग दिलेले भांडे पुन्हा जेवणाला वापरू नका.

सामान कुठे मिळेल? पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहेच. पण त्याआधी आपल्या वस्तीतल्या कचरावेचक भगिनींना विचारा. पितळ कोणते, तांबे कोणते आणि नुसता मुलामा कोणता हे त्या हातात घेताच सांगतात. या कष्टकऱ्यांनी १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि कचरा वेचणे हे काम आहे, भीक नव्हे, हे शहराला मान्य करायला लावले. त्यांच्याकडून वस्तू घ्याल तर भंगारवाला देतो त्याहून चार पैसे जास्त द्या. दुकानात तीच वस्तू चार हजारांना जाते, हे आता आपल्याला कळले आहे.

दिवा झाल्यावर आम्ही आई आणि धाकटीला घेऊन बाजीराव रस्त्यावरचे राजा केळकर संग्रहालय पाहायला गेलो. सदाशिव पेठेच्या शेजारीच, शुक्रवार पेठेत. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे आणि भांडी जमवली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने हे संग्रहालय उभे केले. रोजच्या वापरातल्या वस्तूंना त्यांनी काचेच्या कपाटात मानाची जागा दिली, याचे मोल मोठे आहे. आई एकेका समईपुढे थांबत होती. धाकटी पाट्या वाचून दाखवत होती. एका ठिकाणी आईने विचारले, "केलं कुणी ते लिवलंय का?" धाकटीने पुन्हा पाटी वाचली. "नाही आजी." असल्या बहुतेक वस्तूंपुढे करणाऱ्याचे नाव नसतेच. घासणाऱ्याचे तर दूरच.

येताना आम्ही भांड्यांच्या दुकानाशी थांबलो. लग्नात द्यायच्या भांड्यांवर यंत्राने टिंबाटिंबांची नावे घालतात ना, तिथे. बंबाच्या झाकणावर वाड्याच्या मूळ मालकांचे नाव आणि साल तशाच टिंबांत होते. धाकटीने विचारले, "आजी, हे पुसायचं का?" आई म्हणाली, "र्‍हाऊ दे की. त्यांनी विकत घेतला व्हता." दुकानदाराने तोटीकडे पाहून विचारले, "यावर काय घालायचं?" आम्ही आईचे नाव सांगितले. त्याने कागदावर लिहून घेतले आणि पुढे विचारले, "यांच्याकडून कुणाला? भेट आहे ना?"

आई म्हणाली, "भेट नाही. नुसतं नाव घाला."

दिवा आता धाकटीच्या अभ्यासाच्या फळीवर आहे. ती वाचायला बसली की आई उठून जवळ जाते आणि तोटी वळवते. ते काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

तुमच्या घरी अशी कोणती जुनी वस्तू आहे, ती कुणी वापरली आणि तिचे तुम्ही काय केले, ते आम्हाला जरूर कळवा. निवडक पत्रे या सदरात देऊ. पुढच्या वेळी रिकाम्या गोणपाटाच्या पिशव्यांविषयी.

जयभीम.